डुमीचं मडकं आणि गुळगुळीत टायर

उताराच्या तळाशी होतं एक मडकं. मडक्यात राहायची डुमी. डुमी म्हणजे बेडकी. एवढीशी. तुमच्या अंगठ्याएवढी.

आज होता दसरा. वर मोरूकाकांच्या अंगणात गाडी धुतली. सळ सळ सळ. पाणी उतारावरून वाहिलं. गाडीला झेंडूचा हार घातला. पुढे लिंबू-मिरची बांधली. मोरूकाका गाडीत बसले. गाडी निघाली.

घर्र घर्र घर्र.
सुर्रर्रर्र.
फट्ट.

गाडी घसरली. मडक्यावर आपटली. डुमी बाहेर होती, म्हणून वाचली. मडकं मात्र फुटलं.

"आता मी कुठे झोपू?" डुमी म्हणाली. "दुसरं मडकं आणलं, तर तेही फुटेल."

डुमी गेली गाडीकडे. टुणुक टुणुक.

"गाडीबाई, गाडीबाई, तू थांब ना गं.
गाडी थांबेना,
माझं मडकं फुटलं."

गाडीने दिवे मिटले. तिला लाज वाटली.
"टायर रस्ता धरेल, तर मी थांबेन."

डुमी गेली टायरकडे. टुणुक टुणुक.

"टायरदादा, टायरदादा, तू रस्ता धर ना रे.
टायर धरेना,
गाडी थांबेना,
माझं मडकं फुटलं."

"माझ्याकडे बघू नकोस गं," टायर पुटपुटला. "माझ्या अंगावर खोल खोल खाचा होत्या. पाणी त्यांतून पळायचं. खाचांच्या तळाशी बारके उंचवटे आहेत. झिजत झिजत मी त्यांच्याएवढाच उरलो. तेव्हाच मला बदलायचं असतं. काका मला बदलतील, तर नवा टायर रस्ता धरेल."

डुमी गेली काकांकडे. टुणुक टुणुक.

"मोरूकाका, मोरूकाका, टायर बदला ना हो.
काका बदलेनात,
टायर धरेना,
गाडी थांबेना,
माझं मडकं फुटलं."

काका हसले. "बदलू कशाला? बघ तरी कसा चकचकीत आहे. सकाळीच काळं पॉलिश लावलंय. आणि लिंबू बांधलंय की राखायला. लिंबू सांगेल, तर बदलीन."

डुमी गेली लिंबाकडे. टुणुक टुणुक.

"लिंबूभाऊ, लिंबूभाऊ, तू सांग ना रे.
लिंबू सांगेना,
काका बदलेनात,
टायर धरेना,
गाडी थांबेना,
माझं मडकं फुटलं."

लिंबू आणखीच पिवळं झालं.
"सगळे म्हणतात, लिंबू गाडी सांभाळतं. मी तर सरबतातलं. हाराखाली नुसतं गप्प लोंबतो. मलाच माझी लाज वाटते. घरातल्या वैजूकाकू माझी गाठ सोडतील, तर मी सांगेन."

डुमी गेली काकूंकडे. टुणुक टुणुक. काकू श्रीखंड घोटत होत्या.

"वैजूकाकू, वैजूकाकू, गाठ सोडा ना हो.
काकू सोडेनात,
लिंबू सांगेना,
काका बदलेनात,
टायर धरेना,
गाडी थांबेना,
माझं मडकं फुटलं."

काकूंचा हात थांबला.

"लिंबू मीच बांधलं," त्या हळूच म्हणाल्या. "गाडीला ओवाळलं. हळदकुंकू वाहिलं. टायर मात्र बघितला नाही. चल, डुमी."

मग काय झालं?

काकूंनी गाठ सोडली. सुटुक.
लिंबू खाली आलं. टप्प.
लिंबू म्हणालं, "काका, मला नाही गाडी धरता येत."

काकांचं हसू गेलं. कान लाल झाले. मान खाली गेली.

डुमी म्हणाली, "काका, मान खाली घातलीच आहे, तर टायरही बघा."

काका उकिडवे बसले. टायरवर बोट फिरवलं. सपाट. उंचवटे आणि टायर सारखेच.

"हे कसं दिसलं नाही मला?"

"पॉलिश लावताना हाच टायर चोळलात ना?" काकू म्हणाल्या. "लक्ष कुठे होतं मग?"

गाडी तिथेच ठेवून काका पायी दुकानात गेले. टेम्पोतून नवे टायर आले. खोल खोल खाचांचे.

काकांनी टायर बदलले.
टायरने रस्ता धरला.
गाडी वर गेली आणि ओल्या उतारावरून खाली आली. घर्र घर्र घर्र.
आणि थांबली. कच्च.

काकांनी नवं मडकं आणलं. रस्त्यापासून दूर, जास्वंदीखाली ठेवलं. मग डुमीसमोर खाली बसले. अगदी खाली. तिच्या डोळ्यांत बघायला त्यांना थोडा वेळ लागला.

"चुकलं माझं, डुमी."

"हं," डुमी म्हणाली.

आणि नव्या मडक्यात शिरली. टुणुक.

डुमी निजली मडक्यात,
गोष्ट निजली कुशीत.