मूठभर पीठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराखाली वीस घरांचं एक गाव होतं. प्रभू येशूला मानणारं, गरीब गाव.

त्या गावात एक रीत होती. शनिवारी प्रत्येक घरातून मूठभर पीठ यायचं, चिंधीच्या पुरचुंडीत बांधून. सगळं पीठ एकत्र मळून एकच मोठी भाकर भाजायची आणि रविवारी प्रार्थनाघरात ती प्रभूच्या नावानं मोडून सगळ्यांनी खायची. मोडण्याआधी प्रार्थना चालवणारे म्हातारे पाळकबाबा म्हणायचे, "कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल तर आधी जा, बोलून या. आम्ही थांबतो."

भाकर भाजायचा मान एका घराकडे होता. सासू गेल्यावर तो थोरल्या सुनेकडे आला. तिच्या पहिल्याच भाकरीला धाकटी जाऊ चारचौघांत बोलून गेली, "छान झालीय हो, पण सासूबाईंच्या हातची सर नाही."

एवढंच. पण थोरलीच्या ते जिव्हारी लागलं.

पुढच्या रविवारी धाकटी उठून तिच्यापाशी आली. "जाऊबाई, माझं चुकलं. तोंडातून निघून गेलं."

"माझ्या मनात काही नाही," थोरली म्हणाली. धाकटी बिचारी खरं मानून जागेवर जाऊन बसली.

थोरलीच्या मनात मात्र पुष्कळ होतं. माझी भाकर चालत नाही ना, मग तुझं पीठही त्यात नको! ती धाकटीची पुरचुंडी ओळखून बाजूला काढायची आणि कोंबड्यांपुढे रिकामी करायची. एकदा नाही, दोनदा नाही, बारा वर्षं. आणि दर रविवारी पाळकबाबांचे शब्द ऐकून, मान खाली घालून, भाकरीसाठी हात पुढे करायची. मला तर हे सांगतानाही लाज वाटते.

मग दुष्काळ पडला. धाकटी आजारी झाली, अंथरुणाला खिळली. पुरचुंडी मात्र चुकली नाही. पाळकबाबा भाकरीचा तुकडा तिच्या घरी नेऊन द्यायचे. थोरलीचं घर चार पावलांवर, पण ती गेली नाही.

एका शुक्रवारी धाकटी वारली.

माती देऊन परतल्यावर पाळकबाबांनी थोरलीच्या हातात एक पुरचुंडी ठेवली. "तिनं गुरुवारीच बांधून ठेवली होती. डब्यात तेवढंच पीठ उरलं होतं. मी म्हटलं, बाई, तू खा, तुझ्या वाटचं मी घालतो. ऐकेना. म्हणाली, 'जाऊबाई माझ्याशी फारशा बोलत नाहीत, पण मन साफ आहे त्यांचं. दर शनिवारी माझं पीठ आपल्या पिठात घालून मळतात की! आम्ही दोघी बारा वर्षं एकाच भाकरीत आहोत, पाळकबाबा.'"

थोरली पुरचुंडी घेऊन घरी आली. अंगणात कोंबड्या टिपत होत्या. तिला त्यांच्याकडे बघवेना.

त्या शनिवारी तिनं पहिल्यांदाच ते पीठ भाकरीत घातलं. मळताना रडत होती.

रविवारी पाळकबाबांनी नेहमीचे शब्द उच्चारले. थोरली उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर थबकली. जायचं कुणाकडे? सगळं गाव वाट बघत बसलं होतं. शेवटी ती तिथूनच वळली आणि तिनं बारा वर्षांचं सगळं सांगून टाकलं.

मग पाळकबाबांनी तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. "घे, मुली. प्रभू क्षमा करतो. तिनं तर कधीच केली होती."

तिनं तुकडा खाल्ला. त्यात धाकटीचं पीठ होतं आणि धाकटी नव्हती. पुढं ती पुष्कळ वर्षं जगली, गावाची भाकर भाजत राहिली, पण दर रविवारी घास घेण्याआधी त्या दाराकडे बघत राहायची.

लहानथोर हो, ध्यानात ठेवा: प्रभूची भाकर सगळ्यांना एक करण्यासाठी मोडली जाते, म्हणून तिच्यासाठी हात पुढे करण्याआधी ज्याच्याशी मन तुटलंय त्याच्याकडे जावं, आणि तो जिवंत आहे तोवरच जावं.