टॅपेटची फट

निवृत्त फौजदार बापूसाहेब धुमाळांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता, जुनी मोटार आणि घरातली शांतता. घरात त्यांच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. मोटार मात्र टकटक करायची.

गॅरेजातले नूरमिस्त्री इंजिन उघडून म्हणाले, "साहेब, व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या या टॅपेटला बारीक फट ठेवावीच लागते. लोखंड तापलं की वाढतं, त्याला जागा नको का? फट बुजवली तर आवाज जाईल, पण आतले व्हॉल्व्ह जळतील."

"माझ्यासमोर आवाज करायची कुणाची छाती नाही. बुजव ती फट!"

मिस्त्रींनी निमूटपणे पाना फिरवला.

पुढे एका रविवारी बापूसाहेब व्याह्यांना शेजारी बसवून पसरणी घाटाला लागले. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी इंदुताई होत्या.

"ऐका, येतोय का आवाज?" बापूसाहेब व्याह्यांना म्हणाले. "गाडी असो की बायको, कसून ठेवली की गुमान चालते."

व्याही खो खो हसले. इंदुताई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अर्ध्या घाटात गाडीने मान टाकली. व्हॉल्व्ह जळून गेले होते. बापूसाहेबांनी उतरून बॉनेटवर बुक्की हाणली. "आतून जळत होतीस, तर आवाज तरी करायचास!"

"कसा करणार?" इंदुताई मागून म्हणाल्या. लग्नानंतर प्रथमच त्या चारचौघांत बोलत होत्या. "तेवढी जागा तुम्ही ठेवलीत कुठे? तरी गाडी नशिबाची म्हणायची. तिला निदान बंद पडता आलं."