खुंटीवरचे कप

“हिला इथंच ठेवू या. हिच्या चालीनं निघालो तर डोंगराचा शेंडा राहिला म्हणून समज.”

आवाज थोरल्या दिराचा, मकरंददादांचा. केतकी पलीकडच्या खोलीत शेगडीपाशी ओले मोजे वाळवत होती. मधलं दार नुसतं लोटलेलं होतं.

“आणि ती काय म्हणेल?” हा श्रीकर. तिचा नवरा. लग्नाचा अल्बम अजून फोटोवाल्याकडेच होता.

“ती काय म्हणणार? ती बोलते कुठं?”



“चालेल,” श्रीकर म्हणाला.

केतकीनं मोजे उलटे केले. दुसरी बाजूही ओलीच होती.

आल्प्समधल्या त्या उंच खिंडीत वाटसरूंसाठी बांधलेलं दगडी घर होतं. मठातले धर्मगुरू ते चालवत. मकरंददादा नोकरीसाठी याच देशात राहायचे, आणि नव्या जोडप्याला डोंगर दाखवायचा म्हणून पहाटेपासून पावसात चढवत घेऊन आले होते. घरात एकच म्हातारे धर्मगुरू भेटले आणि ते निघाले वसईचे. फादर पास्कू रुमाव. मराठी कानावर पडताच त्यांनी कॉफी खाली उतरवली आणि चहा टाकला.

“ढग बसतोय,” ते दादांना म्हणाले. “आज शेंडा नको.”

“फादर, आम्ही सह्याद्रीतले. भर श्रावणात धुक्यातून कडे चढतो. दगडावरच्या खुणा बघत जायचं, एवढंच ना? जेवायला परत येतो.”

“मग कप तेवढे खुंटीला अडकवून जा.”

दाराशी खुंट्यांची एक लांब ओळ होती.

“का? नवस आहे का हा?”

“बाहेर गेलेल्याचा कप खुंटीला. कप दिसला की घरात असेल त्यानं घंटा वाजवायची. ढगात डोळ्यांचा उपयोग नाही, बाबा. कानांचा होतो.”

दादा हसले. श्रीकर त्यांच्याकडे बघून हसला. दोघं निघून गेले. जाताना श्रीकर केतकीला म्हणाला, “तू आराम कर हां.” कप तसेच टेबलावर, तळाशी चहा.

केतकी आपला कप घेऊन खिडकीपाशी बसली. आधी शेंडा गेला. मग वाट गेली. मग अंगणातला क्रूस. पाऊस पडायचा थांबला, आणि त्याच्या जागी बर्फ पडायला लागला, अगदी बिनआवाजी.

“फादर…”

“बोल, बाय.”

“खुणा दगडांवर रंगवलेल्या आहेत ना? लाल-पांढऱ्या?”

“हो.”

“सपाट दगडांवर. बर्फाखाली जातील.”

“गेल्या असतील एव्हाना.” फादरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला हे कधी सुचलं?”

“सकाळी चढतानाच. म्हणून मी मागे राहून बघत होते. त्यांना वाटलं, दमले.”

“सांगितलंस त्यांना?”

केतकीनं नकारार्थी मान हलवली.

“का नाही?”

“मला कोणी विचारलं नाही.”

“हं,” फादर म्हणाले आणि टेबलाकडे पाहत राहिले. टेबलावर दोन कप.

ती उठली. कप उचलले. श्रीकरच्या कपातला गार चहा मोरीत ओतताना तिला वाटलं, हा ज्याच्या डोक्यावर ओतायला हवा तो आत्ता ढगात फिरतो आहे. दोन्ही कप तिनं खुंटीला अडकवले. जरा आपटूनच.

फादर तिला घंटेच्या खोलीत घेऊन गेले. दोर मनगटाएवढा जाड. त्यांनी स्वतः काही टोले दिले. मग दोर तिच्यासमोर धरला.

“माझे खांदे आता एवढेच. पुढचं तू.”

“मला राग आलाय, फादर.”

“दिसतंय.”

“काळजी नाही वाटत. राग येतोय. दोघांचा. त्याचा जास्त.” तिचा आवाज चढला आणि तिचा तिलाच नवा वाटला. “तो ‘चालेल’ म्हणाला. नुसतं ‘चालेल’. सामान ठेवतात तसं ठेवून गेले मला. अशा मनानं देवाची घंटा वाजवू का?”

“वाजव. ढगाला काय कळतंय?”

तिनं दोर ओढला. पहिला टोला फुसका गेला. दुसऱ्याला ‘चालेल’ आठवलं, आणि घंटा अशी दणाणली की खिडकीची तावदानं थरथरली. मग ती थांबली नाही. हाताला फोड आले, फुटले. फादर जमिनीवर बसून जपमाळ ओढत होते. मध्येच म्हणाले, “आज घंटा लांब ऐकू जाते आहे.”

…

दार धाडकन उघडलं.

दादांचा तळहात सोलला होता. श्रीकरच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, ओठ हलत होते पण शब्द जुळत नव्हते. फादरांनी दोघांना शेगडीपाशी बसवलं, घोंगड्या दिल्या. केतकी घंटेच्या खोलीतून आली आणि दारात उभी राहिली.

“आम्ही वळलोच होतो,” दादा म्हणाले. “घंटा काय, नुसता आधार.”

“दादा…” श्रीकरला कसंबसं बोलता आलं. “आपण उलट्या बाजूला चाललो होतो. कड्याकडे.”

दादांनी ते न ऐकल्यासारखं केलं. श्रीकरची नजर केतकीच्या हातांवर गेली आणि तिथंच राहिली.

“तू वाजवत होतीस?”



“बघ,” दादा घोंगडी ओढून घेत म्हणाले, “बरं झालं हिला इथंच ठेवलं.”

श्रीकरनं तोंड उघडलं. दादांकडे पाहिलं. मिटलं.

केतकी खुंट्यांपाशी गेली. दोन्ही कप काढून तिनं त्यांच्यापुढे ठेवले. मग खिडकीतला स्वतःचा कप घेतला, धुतला, पुसला आणि रिकाम्या खुंटीला अडकवला. श्रीकरचं ओलं जाकीट अंगात घातलं, चेन हनुवटीपर्यंत ओढली.

“अगं, हे काय?” श्रीकर अर्धवट उठला. “कुठं निघालीस?”

“फादर, तुम्ही तरी सांगा तिला,” दादा म्हणाले.

फादर काही बोलले नाहीत. ते गेले आणि दार उघडून धरून उभे राहिले. बाहेर नुसतं पांढरं होतं. अंगणातला क्रूससुद्धा अजून दिसत नव्हता.

उंबऱ्यावर केतकी वळली. दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“घंटेचा दोर आत आहे,” ती म्हणाली. “आणि माझा कप खुंटीला आहे.”