जैनबचा हक्क

फार वर्षांपूर्वी, उसरखाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या दोन्ही काठांना मुसलमानांची वस्ती आणि मधल्या बेटावर दोघांचं मिळून एकच कब्रस्तान. अल्लाला कुणी घडवलं नाही, त्याला सुरुवात नाही नि शेवट नाही, इथवर सगळ्यांचं जुळायचं. भांडण त्याच्या पुढे होतं.

अलीकडच्या मशिदीत खुतबा देणारे खतीब म्हणायचे, अल्ला वर आहे, सातही आसमानांच्या वर, आपल्या अर्शावर, म्हणजे सिंहासनावर. कसा, ते विचारू नका. पलीकडचे धर्मशास्त्री फकी म्हणायचे, वर नि खाली हे त्यानंच निर्माण केलं, मग तो कुठल्या एका जागेत कसा असेल? दोघेही शिकलेले, दोघेही हट्टी. वाद इतका पेटला, की एका काठाचा माणूस दुसऱ्या काठाच्या इमामामागे नमाजेला उभा राहीना. ठरलेल्या सोयरिकी मोडल्या. खाडीतली कोलंबी मात्र दोन्हीकडचे सारख्याच आवडीनं खात होते.

दाऊद होडीवाला तेवढा दोन्ही काठांचा. तू कुणाच्या बाजूचा, असं कुणी विचारलं की तो नुसता वल्हं मारत राही. एक दिवस तो वारला. अलीकडच्यांना वाटलं, तो पलीकडचा, ते बघतील. पलीकडच्यांना वाटलं, अलीकडचे बघतील. आणि आलं कुणीच नाही!

त्याला एकच मुलगी होती, जैनब. तिनं स्वतः बापाला न्हाऊ घातलं, कफन चढवलं आणि जनाजा होडीत ठेवून बेटाकडे नेला. बाईमाणसानं जनाज्याबरोबर जायचं नाही असा रिवाज. पण पुरुष होतेच कुठे? ओहोटी होती. बेटालगतच्या वाळूवर तिनं जनाजा उतरवला आणि दोन्ही काठांना हाका मारल्या.

माणसं जमली, पण काठावरच. खतिबांनी ओरडून विचारलं, "तुजा बाबा काय मानायचा, ता आदी सांग."

"मला काय ठाव? त्याचा हिशोब अल्ला बघील," जैनब म्हणाली. "जनाजेची नमाज तुमच्यावर हाय. कुणीच पढली नाय, तर गुन्हा दोन्ही काठांवर. तोवर मी हितून हलत नाय."

"पोरी, भरती येतेय!" पलीकडून फकी ओरडले.

"येऊ दे. न्यायचं तर दोघांना नेऊ दे."

भरती आली. पाणी तिच्या गुडघ्यांना लागलं, मग कमरेला. ती जागची हलली नाही. आणि असं म्हणतात, की चहूकडे पाणी चढलं, पण जनाज्याखालची वाळू ओलीसुद्धा झाली नाही. दोन्ही काठांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

पहिल्यांदा पाण्यात उतरले ते खतीब. त्यांना पोहता येत नव्हतं. ते गटांगळ्या खायला लागले, तेव्हा समोरून फकींनी उडी घेतली आणि त्यांना धरून वाळूपर्यंत आणलं. मग दोन्ही काठ रिकामे झाले. जनाज्याच्या नमाजेत वाकायचं नसतं, कपाळ टेकायचं नसतं. ती उभ्यानंच होते. म्हणून कमरेएवढ्या पाण्यातही रांगा लागल्या. आता इमाम कोण? खतीब म्हणाले, फकीसाहेब, तुम्ही. फकी म्हणाले, छे, तुम्ही. त्यातही भांडायला लागले!

"बाबा वाट बघतोय," जैनब म्हणाली.

फकी पुढे झाले, खतीब त्यांच्यामागे उभे राहिले. नमाज संपली नि पाणी ओसरलं, असं म्हणतात.

अर्शाचा वाद काही मिटला नाही. आजही रमजानात दोन्हीकडचे लोक ओट्यावर बसून तावातावानं भांडतात, आणि खुशाल भांडोत. पण उसरखाडीला कुठल्याही काठावर माणूस गेलं, की नमाज पढवायला इमाम समोरच्या काठाचा येतो. त्याला जैनबचा हक्क म्हणतात. मागे एका पुरात पूल बंद झाला आणि अलीकडे एक म्हातारी वारली. तिचा जनाजा अंगणात तयार होता, पण कुणी खांदा द्यायला पुढे झालं नाही. सगळे काठावर जाऊन पलीकडच्या इमामाची वाट बघत उभे राहिले. पलीकडची माणसं दोर धरून, चिखलानं माखून वर आली, तेव्हाच म्हातारीला उचललं.