एका शत्रूला एक गोळी

गनीम चाल करून येणार होता आणि गडावरचा दारूगोळा संपत आलेला. किल्लेदार हैबतरावांनी दरबाराकडे गोळ्या मागितल्या. दरबारातून पाहणीला आलेले त्र्यंबकपंत मिशीवर ताव देत म्हणाले, "गनीम हजार, तर गोळ्याही हजार! एका शत्रूला एक. जास्त हव्यात कशाला?"

हैबतराव हसून म्हणाले, "पंत, आपली नेमबाजी सर्वश्रुत आहे. तटावरचं ते मडकं तेवढं फोडून दाखवा."

पंतांनी ऐटीत बंदूक उचलली. एकामागून एक चार गोळ्या वाया गेल्या. पाचवीला मडकं फुटलं.

"वाहवा!" हैबतराव म्हणाले. "आणि पंत, हे मडकं तर पळतही नव्हतं, उलटून गोळीही झाडत नव्हतं!"

पंतांनी बंदूक खाली ठेवली आणि हव्या तेवढ्या गोळ्या मंजूर केल्या. मडकं फुटलं, पण गडाचा जीव भांड्यात पडला.