बकुळी आणि माक्याची परी

देवळामागच्या बोळात सगुणा नावाची एक फुलारीण राहायची. तिच्या मुलीचं नाव बकुळी. आणि ही बकुळी म्हणजे नुसतं प्रश्नांचं गाठोडं! जाई संध्याकाळीच का फुलते? मुंगीला जांभई येते का? सगुणा हार ओवता ओवता उत्तरं द्यायची. उत्तर ठाऊक नसलं की म्हणायची, "जा, जाऊन बघ की गं बाई!"

पण यंदा सगुणाला मोठा ताप आला. ताप उतरला आणि तिचे काळेभोर, गुडघ्यापर्यंतचे केस गळायला लागले. फणीत केस, उशीवर केस, चुलीपाशीसुद्धा केस. शेवटी डोकं पार उघडं पडलं. सगुणानं दाराला कडी लावली. "या डोक्यानं चारचौघांत जाऊ? मला नाही जमायचं," म्हणाली आणि डोक्यावर पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. मग बकुळी एकटीच टोपली घेऊन देवळाच्या पायरीवर बसायची. गजरे खपायचे थोडे, सुकायचे फार. रात्री दोघींना पातळ पेज. पण पेजेचं काय एवढं! आई बोलेनाशी झाली होती, ते बकुळीला सोसत नव्हतं.

एकदा ती मळ्यात फुलं तोडायला गेली, तर पाटाकडच्या ओल्या गवतातून नाजूकसा आवाज आला. "आई गं! अगं, कुणीतरी सोडवा मला!"

बकुळीनं गवत बाजूला केलं आणि बघते तर काय, बोटाएवढी परी! पोपटी झगा, पंखांवर दवाचे इवले इवले मोती, आणि केस तर पायांखाली लोळणारे, काळे, निळे, जांभळे चमचमणारे. ते सगळेच्या सगळे काटेरिंगणीत गुंतले होते.

"तोडून टाक बाई केस," परी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"छे! असे कसे तोडायचे?" बकुळीनं बसकण मारली. "आई म्हणते, गुंता सोडवताना आधी टोकं, मग मधलं, मुळाशी सगळ्यात शेवटी." तिच्या बोटांना काटे टोचले, पण तिनं परीचा एकही केस तुटू दिला नाही.

मोकळी झालेली परी टुणकन जास्वंदीवर जाऊन बसली. "मी माक्याची परी. माग तीन इच्छा! पण थांब हं, नियम आहे. पहिल्या दोन इच्छांना वस्तू मागायची नाही, काहीतरी समजून घ्यायचं. तिसरीला नियम नाही. हवं ते माग."

दुसरी कुणी असती तर हिरमुसली असती. बकुळीचे डोळे मात्र लकाकले. "म्हणजे तू माझ्या प्रश्नांची उत्तरं देणार? मग सांग, आईच्या केसांना कोणतं झाड बळ देईल?"

परीनं टाळी वाजवली. पाटाच्या कडेला पांढऱ्या चिमुकल्या फुलांची झुडपं लुकलुकायला लागली. "हा माका. पण फसू नकोस हं. त्याच्यासारखं दिसणारं तण शेजारीच उगवतं. पान तळहातावर चोळ. हात काळा झाला तर तो माका."

बकुळीनं एक पान चोळलं. हात हिरवाच राहिला. दुसरं चोळलं, आणि हळूहळू तळहात काळानिळा! "अगंबाई!" ती हरखली. मग उगीचच आणखी चार पानं चोळून पाहिली.

"आता दुसरं," ती म्हणाली. "याचं तेल करायचं, तर घरात खोबरेल एक वाटीच आहे. बिघडलं तर दुसरं नाही. औषधाचं तेल झालं हे ओळखायचं कसं?"

"तेलात माक्याचा रस, जास्वंदीची फुलं, आवळ्याचा कीस घाल आणि मंद आचेवर ठेव. तेल चुरचुरत राहील. चुरचुरतंय तोवर आत पाणी आहे. घाईनं उतरवलंस तर आंबेल बरं! मग थोडा चोथा वातीला लावून पेटव. तडतडला तर थांब. गुपचूप जळला की झालं."

बकुळी घरी पळाली. दुपारभर चुलीशी कान लावून बसली. वात पेटवली, तडतड! थांबली. पुन्हा पेटवली, तडतड! शेवटी एकदाची वात गुपचूप जळली. हिरवंगार तेल गाळून, वाटी सांभाळत ती मळ्यात धावली.

"परी, परी! आता तिसरी..." ती एकदम थबकली. परीचे केस जेमतेम खांद्यापर्यंत उरले होते!

"तुझे केस कुठे गेले गं?"

"काही नाही," परी पानाआड सरकली. "माग ना. आईचे केस आत्ताच्या आत्ता गुडघ्यापर्यंत हवेत ना?"

"आधी सांग!"

"इच्छा केसांतूनच निघतात गं. पहिलीला थोडे गेले, दुसरीला थोडे."

"आणि तिसरीला?"

 परीनं झग्याची कड हळूच डोक्यावर ओढून घेतली.

 आई अगदी असंच करायची. बकुळीला आईचे केस हवे होते, फार फार हवे होते. "नको मला तिसरी इच्छा," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं. "ये इकडे. आधी तुला तेल लावते."

एका बोटानं ती परीच्या डोक्याला तेल चोळत बसली. ऊन कधी कललं, अंधारून कधी आलं, कळलंच नाही.

"बकुळे! अगं बकुळे!"

आई धावत येत होती. पदर डोक्यावरून घसरलेला, डोकं उघडं, तिला कशाचंच भान नव्हतं. तिनं बकुळीला छातीशी धरलं. "कुठं होतीस गं? जीव नुसता टांगणीला लागला माझा!"

आईच्या खांद्यावरून बकुळीनं पाहिलं. परीचे केस झरझर वाढत पायांखाली लोळत होते. परीनं तेलात हात बुडवले, आईच्या डोक्यावरून एक गिरकी घेतली आणि बकुळीच्या कानात कुजबुजली, "हळूहळू येतील हं. रोज लाव." मग सारा मळा सोनेरी-हिरव्या उजेडानं न्हाऊन निघाला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

"कसला गं हा उजेड?" आईनं दचकून डोक्यावर हात नेला आणि हात तिथंच थांबला. बोटांना काहीतरी लागत होतं. कोंबडीच्या पिलाच्या पिसांसारखी मऊ मऊ लव! आई हसली, रडली, पुन्हा चाचपून पाहिलं, पुन्हा हसली. पदर मात्र तिनं वर घेतला नाही.

दोघी घरी निघाल्या त्या देवळासमोरूनच. दिवे लागले होते, बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. सगळ्यांनी सगुणाच्या डोक्याकडे पाहिलं. बकुळीनं आईचा हात घट्ट धरला.

"सगुणा, तुझे हार कधी मिळायचे गं आम्हाला?" एकीनं विचारलं.

"उद्या," सगुणा म्हणाली. "उद्या सकाळीच येते."