मागची रेघ

एकदा एक नावाजलेली टेनिस खेळाडू आपल्या वृद्ध गुरूंकडे खेळ सोडण्याची परवानगी मागायला आली. आता हल्ली परवानगी कोण मागते? पण हिने मागितली. लहानपणी ज्यांनी हातात रॅकेट दिली, त्यांना न सांगता ती खाली कशी ठेवायची, असे तिचे म्हणणे.

गुरू म्हणजे गावातल्या जिमखान्याचे सर. जिमखान्यामागे लाल मातीचे एकच कोर्ट. सर ते रोज सकाळी स्वतः झाडत, पाणी शिंपडत, गोणपाट ओढून सपाट करीत आणि तळाला भोके पाडलेल्या डब्यातून फक्की सांडत पांढऱ्या रेघा मारीत. सत्तरी उलटली होती, गुडघे संपावर गेले होते, पण मनगट अजून विशीतलेच होते.

कोर्टाच्या भिंतीला लागून नलूकाकूंचे अंगण. गावात काही घडले आणि काकूंना कळले नाही, तर ते घडलेच नाही असे समजावे. शलाका फाटकातून आत येते न येते, तोच भिंतीवर काकूंचे डोके उगवले.

"अगंबाई, शलाका! कधी आलीस? वाळलीस किती! परवा पेपरात फोटो नव्हता गं तुझा?"

"हरले ना काकू."

"मग? हरलेल्यांना तोंड नसतं होय? छापायला काय जातंय त्यांचं!" काकूंनी पेपरवाल्यांना जागच्या जागी झापले आणि मग आवाज खाली आणला. "वय किती झालं गं आता तुझं?"

"एकतीस."

"एकतीस." काकू एवढेच म्हणाल्या. पण त्या एका शब्दात जे जे होते, ते सगळे शलाकाला ऐकू आले. गेले वर्षभर ती तेच ऐकत होती. विमानतळावर, हॉटेलात, फिजिओच्या टेबलावर पालथी पडलेली असताना.

वर्षापूर्वी एका मोठ्या स्पर्धेत तिचा शेवटचा फटका रेघेच्या बाहेर पडला होता. किती बाहेर? बोटभर. सामना गेला. हरणे तिला नवे नव्हते. या धंद्यात दर आठवड्याला एक सोडून बाकी सगळ्या हरूनच घरी जातात. पण ते बोटभर अंतर तिच्या मनात जाऊन बसले. तेव्हापासून तिचे चेंडू रेघेपासून चांगले हातभर आत पडू लागले. चुका होईनात, पण जिंकणेही होईना. समोरच्या पोरी उभ्या जागी ते चेंडू उचलत आणि तिला कोर्टभर पळवत.

सरांपुढे बसून तिने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "एका मोठ्या शाळेनं मुलींना शिकवायला बोलावलंय. उद्या दुपारपर्यंत हो-नाही कळवायचंय. तुम्ही हो म्हणालात तर..."

"उद्या सकाळी सहाला ये," सर म्हणाले. "रॅकेट आण."

"सर, मी काय विचारतेय?"

"ऐकलं की. कान शाबूत आहेत माझे. सहाला ये."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि फाटकातच थबकली. कोर्ट ओले, गुळगुळीत, नुकत्याच लिंपलेल्या जमिनीसारखे. मध्ये जाळी होती. पण रेघ म्हणून एकही नव्हती. लाल मातीचा नुसता चौक.

"सर, रेघा कुठे गेल्या?"

"पुसल्या."

"का?"

"हात दुखत होता." सर चेंडूंची टोपली घेऊन पलीकडच्या बाजूला, जाळीजवळ उभे राहिले. "चल, मार."

"कुठे मारू?"

"कोर्टात."

"पण कोर्ट आहे कुठे?"

"एवढी वर्षं खेळलीस आणि ते मला विचारतेस?"

आणि त्यांनी चेंडू टाकायला सुरुवात केली. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक पोटात. पहिले काही तिने जपून परतवले. पण जपायचे तरी कशाला? कुठून कुठपर्यंत? नजरेला अडकायला काही नव्हतेच. हळूहळू तिचा खांदा सैल झाला. मग एक फटका असा बसला की त्याचा आवाज थेट जिमखान्याच्या पत्र्यावर घुमला. तिला हसू आले. पुढचा त्याहून जोरात. सर "हं" म्हणत, ती मारत असे. पायांखाली माती सरकत होती, वेणी पाठीवर आपटत होती आणि कित्येक महिन्यांनी तिला भूक लागल्याची जाणीव झाली.

तेवढ्यात एक चेंडू सुटला तो भिंतीवरून थेट पलीकडे. मग आवाज आला, "अरे देवा! माझ्या कुरडया!"

काकूंनी भल्या सकाळी उठून चीक शिजवला होता आणि अंगणातल्या चादरीवर कुरडया घालून नुकती पाठ टेकली होती. भिंतीवर डोके उगवले, हातात चेंडू. चेंडूला कुरडईच्या शेवया चिकटलेल्या.

"आठ वर्षांची होतीस तेव्हाही हेच! काही फरक नाही हो सर हिच्यात, काही फरक नाही!"

शलाका पोट धरून हसत होती. सर मात्र म्हणाले, "नलूताई, पुन्हा म्हणा ते."

"काय?"

"शेवटचं."

"काही फरक नाही हिच्यात," काकू रागातच म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन जरा घुटमळल्या. पण आत गेल्या नाहीत. पुढे काय होते ते बघायचे होते ना.

टोपली रिकामी झाली तसे सरांनी तिला पलीकडे बोलावले. "कडेकडेनं ये. खुणा तुडवू नकोस."

ओल्या मातीवर प्रत्येक चेंडूचा ठसा उमटला होता. सरांनी कोपऱ्यात वाकून बोटाने माती खरवडली. आत एक जुना खिळा होता, कोर्ट आखले तेव्हापासून ठोकलेला. दुसऱ्या कोपऱ्यात तसाच दुसरा. त्यांनी एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरी ताणली. "ही मागच्या रेघेची बाहेरची कड. आता बघ."

शलाका उकिडवी बसली. बाहेर पडलेले ठसे होते, नाही असे नाही. पण थोडे. बाकीचे सगळे आत; आणि आत म्हणजे मध्यावर घाबरून दाटीवाटीने बसलेले नव्हेत. दोरीच्या अगदी अलीकडे ओळीने पडलेले. काही तर अर्धे दोरीच्या आत, अर्धे बाहेर.

"हे अर्धे अर्धे?" सरांनी विचारले. "कसे धरायचे?"

"आतच. रेघेला शिवलेला चेंडू आतच असतो."

"का?"

"नियम आहे, सर."

"नियम मलाही ठाऊक आहे. त्याचा अर्थ सांग." मग तेच सांगू लागले, "अर्थ असा, की रेघ कोर्टाची आहे. खेळणाऱ्याची आहे. बाहेरच्या जगाने घातलेली ती भिंत नव्हे. तू वर्षभर तिला परकी समजलीस आणि आपलीच हातभर जागा सोडून देत राहिलीस. समोरच्या मुलींनी ती घेतली, त्यांचं काय चुकलं?"

"पण सर, इथं समोर कुणी नव्हतं. गुण नव्हते. इथे मारणं सोपं आहे."

"आहेच सोपं. तू जिंकशील असं मी कुठे म्हणतोय? शाळेची नोकरीही चांगली आहे. कंटाळून जात असशील तर आज जा, मी पेढे खाईन. दमून जात असशील तरी जा. घाबरून मात्र जाऊ नकोस, शलाका. घाबरून सोडलेली गोष्ट माणसाला सोडत नाही."

तिने एका अर्ध्या ठशावरून बोट फिरवले. मग उठली, बाकावरचा फोन उचलला आणि शाळेच्या बाईंना सांगितले, "यंदा नाही जमणार मॅडम. अजून खेळतेय मी." शेवटचे वाक्य बोलताना तिचा आवाज असा काही फुलला, की भिंतीवरच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि वर म्हणाल्या, "चिकाची वाफ लागली मेली."

सरांनी फक्कीचा डबा तिच्या हातात दिला. ती दोरीच्या आतल्या अंगाने, वाकून, डबा हलवत निघाली. रेघ बारीक येत होती.

"जाड ओढ," सर म्हणाले. "बाकीच्या रेघा बारीक असतात. मागची रेघ सगळ्यांत जाड चालते. तेही नियमातच आहे."

ती थांबली. वळून त्यांच्याकडे पाहिले. हे तिला लहानपणापासून माहीत होते, आणि आज पहिल्यांदा कळले. ती पहिल्या खिळ्यापाशी परत गेली आणि तळव्याएवढी रुंद, पांढरीशुभ्र रेघ ओढत आली.

"आणि सर," भिंतीवरून प्रश्न आला, "माझ्या कुरडयांत पडला, तो चेंडू आत की बाहेर?"

सरांनी जरा विचार केला. "नलूताई, अंगण तुमचं. तुम्ही म्हणाल तसं."

काकूंनी चेंडूच्या शेवया निपटल्या, तो पदराला पुसला आणि नेम धरून शलाकाकडे फेकला.

"आत," त्या म्हणाल्या.